एका दमात

“तसंच पाठवू या,” शीतल म्हणाला. एवढं म्हणायला त्याला अर्धा कप चहा लागला. माझा कप संपून बशी खाली ठेवून झाली, तरी तो ‘पाठवू’च्या ‘पा’वर ओठ आवळून बसला होता.

“हे पाठवायचं?” मी पडद्याकडे बोट केलं. “सव्वीस मिनिटं झाल्यात मर्दा. त्यांनी दहा-बारा मिनिटांचा धडा मागितलाय. त्यात एका ठिकाणी नुसतं ‘बेरीज’ म्हणायला पाऊण मिनिट घेतलंयस. मी मोजलंय.”

“म-मोजू दे की त्यांनापण.”

त्रिशलावहिनी उंबऱ्यात बसून मेथी निवडत होत्या. “पाठवा की तसंच,” त्या म्हणाल्या. “अडखळलं तर अडखळलं. शिकवलंय तर झ्याक. मला त्या एक्सेलमधलं काय बी कळत न्हाई, पण आज कळलं.”

“वहिनी, तुम्ही घरच्या हाय. तुम्हाला कळणारच,” मी म्हणालो.

शुक्रवार होता. इचलकरंजीत आमच्या गल्लीतले यंत्रमाग त्या एका दिवशी बंद असत. बाकी सहा दिवस खटखट अशी, की माइकचं सोडाच, बोलणाऱ्याला स्वतःचं बोलणं ऐकू येत नसे. म्हणून आमचं सगळं रेकॉर्डिंग शुक्रवारी. खिडक्या लावायच्या, दाराला गोधडी लावायची, पंखा बंद करायचा आणि घामाघूम होत शीतलनं शिकवायचं.

शीतल मगदूम म्हणजे माझा बालमित्र. आमच्याकडे जैनांच्या घरात शीतल हे सर्रास पुरुषाचं नाव. पुण्याच्या कंपनीनं पत्रात त्याला ‘मॅडम’ लिहिलं होतं आणि वहिनी दोन दिवस त्याला मॅडम म्हणूनच जेवायला हाक मारत होत्या. तो कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक्सेल शिकवायचा. पडद्यावर जे चाललंय ते रेकॉर्ड व्हायचं आणि वर त्याचा आवाज. चेहरा कधी दिसायचा नाही. असे अडीचशे व्हिडिओ आम्ही इंटरनेटवर टाकले होते. पतसंस्थेतले कारकून, ग्रामसेवक, नोकरीच्या खटपटीतल्या पोरी, सगळे पाहायचे. खाली लिहायचे, “सर, तुमचं बोलणं लोण्यासारखं आहे.” “सर, एवढं सहज कसं बोलता?”

ते लोणी मी काढत होतो. शीतल तोतरा आहे. हा शब्द चांगला नाही, पण शाळेत आम्ही दुसरा वापरला नाही. पोरं त्याला फटफटी म्हणायची. किक मारली, मारली, मारली आणि सुरूच नाही. पहिलीपासून मी त्याच्या शेजारी बसलो. हजेरीला त्याचं नाव आलं की मी ‘हजर’ म्हणायचो, दुकानात मी ‘दोन रुपयांचा गूळ’ म्हणायचो, आणि त्या बदल्यात तो माझी गणितं सोडवायचा. मोठेपणीही तेच चाललं होतं. फक्त आता मी त्याच्याऐवजी बोलत नव्हतो, तर त्याचं बोलणं कापत होतो.

आमची रीत अशी. तो अडकला की माउसवरचा हात उचलायचा आणि दोनदा टाळी वाजवायचा. मग दम घेऊन तेच वाक्य पुन्हा म्हणायचा. हात उचललेला असल्यानं पडद्यावरचा बाण जागचा हलायचा नाही, म्हणजे चित्र उडी मारायचं नाही. कापताना आवाजाच्या पट्टीत टाळीचा खांब उंच दिसायचा. मी खांब शोधायचो, त्याच्या आधीचं सगळं अडखळणं कापायचो आणि चांगलं वाक्य ओढून मागच्याला चिकटवायचो. एका व्हिडिओत शंभर-शंभर टाळ्या असायच्या. आत स्वयंपाकघरात वहिनींना वाटायचं की आम्ही आरती करतोय. शेवटी जे निघायचं त्यात शीतल झऱ्यासारखा बोलायचा. चहाच्या गाड्यावर लोक मला ‘सरांचा माणूस’ म्हणायचे. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

आणि आता पुण्याचं पत्र आलं होतं. महाविद्यालयांसाठी मराठीतून असेच धडे करणारी मोठी कंपनी. त्यांना पूर्ण वेळ शिक्षक हवा होता आणि त्यांनी आपणहून शीतलला लिहिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला बोलायच्या कामासाठी बोलावलं होतं. पत्र घेऊन तो माझ्या घरी पळत आला होता, पायात चपला नव्हत्या. पत्रात एकच अट होती. नमुन्याचा एक धडा एका दमात रेकॉर्ड करून पाठवावा. कुठेही कापू नये, जोडू नये. संपूर्ण पडदा दिसावा, वर चिन्ह, संगीत काही चढवू नये. शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत.

म्हणून त्या सकाळी त्यानं एकदाही टाळी वाजवली नव्हती. अडला की हात उचलून नुसता थांबायचा, डोळे मिटायचा आणि शब्द येईपर्यंत वाट बघायचा. आला की पुढे. सव्वीस मिनिटांनी संपवलं तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता आणि तो हसत होता. असा हसताना मी त्याला फार दिवसांनी पाहिलं.

“ऐक,” मी खुर्ची त्याच्याकडे वळवली. “ह्याचं काय होईल सांगू? तिथं पाच-सहा जण बसून ऐकतील. पहिल्या मिनिटाला एक जण हसेल. दुसऱ्या मिनिटाला सगळे. तिसऱ्याला बंद करतील.”

“हसले तर ह-हसले.”

“आत्ता म्हणतोस. सांगलीच्या मुलाखतीला काय झालतं?”

शीतलचं हसू गेलं. वहिनींनी मान वर केली. “कसली मुलाखत?”

“न-न-नको,” शीतल म्हणाला.

ही गोष्ट त्यानं बायकोला सांगितली नव्हती. हे मला माहीत होतं. म्हणूनच मी सांगितली.

“नाव विचारलं वहिनी, त्यांनी याला. नुसतं नाव. हा ‘श-श-श’ करत बसला. साहेबानं घंटा दाबून शिपायाला बोलावलं आणि कागद-पेन मागवलं. म्हणाला, ‘राहू द्या, लिहून दाखवा.’ यानं लिहिलं. साहेबानं मोठ्यानं वाचलं, ‘शीतल’, आणि शेजारच्याला म्हणाला, ‘नाव बाईचं, वाचा गेलेली.’ सगळे हसले. हा बाहेर आला आणि बसस्टँडच्या मागं जाऊन ओकला. मी डोकं धरलं होतं.”

वहिनींच्या हातातली मेथी तशीच राहिली. शीतल जमिनीकडे बघत होता. मला वाईट वाटलं नाही. आपला घाव बरोबर बसला की सुताराला वाटत असेल तसं काहीतरी वाटलं.

“मग काय करायचं म्हणता?” वहिनींनी विचारलं.

“नेहमी करतो तेच. मी हे सगळं शिवतो. बाण हललेला नाही, चित्र सरळ आहे. एका दमातलं वाटेल. ब्रह्मदेवाला कळणार न्हाई.”

“पण त्यांनी कापू नका म्हणलंय न्हवं? खोटं झालं की ते.”

“वहिनी, हे अडीचशे व्हिडिओ काय खरे हायत?”

मी शीतलकडे बघत बसलो. बऱ्याच वेळानं त्यानं उजवा हात वर केला आणि दोन बोटांची कात्री करून दाखवली. वहिनी मेथीची परात उचलून आत गेल्या.

दुपारी एकच्या सुमाराला मी कापायला बसलो. गल्ली सुनसान होती. शीतल माझ्या मागं सतरंजीवर उताणा पडला होता. मी एकेक अडखळणं शोधत होतो. टाळ्या नसल्यामुळं काम जास्त किचकट होतं. तो जास्त कुठल्या अक्षरांवर अडतो ते मला पाठ आहे: ब, प, म आणि त. ‘बेरीज’मधला ‘ब’ काढला. ‘पुढच्या’मधले सात ‘पु’ काढले. कुठे श्वास अर्धा तुटला तर दुसरीकडचा श्वास आणून बसवला. माणसाचा श्वाससुद्धा मी उसना आणून चिकटवू शकतो. या कामात माझा हात धरणारा त्या गावात कुणी नव्हता, आजही नाही.

“सुक्या,” मागून आवाज आला. सुकुमारचं सुक्या तो एकटाच करतो.

“काय?”

“त-तिथं त्यांची माणसं असत्यात म्हणं. क-कापायला. त्यांचं सगळं खातंच हाय.”

“असणारच की.”

“म्हणजे त-तुझी सुटका.” तो पुढचं वाक्य जुळवत होता. “प-पहिलीपासून अडकलायस माझ्यात. लग्नाचं बी ब-बघितलं न्हाईस. आता तू तुझं ब-बघ.”

मी वळून पाहिलं नाही. “बघू,” म्हणालो आणि काम करत राहिलो. तो केव्हातरी झोपला. मला त्याचं घोरणं ऐकू येत होतं. घोरताना तो अजिबात अडखळत नाही.

चार वाजता त्याला उठवलं. सव्वीस मिनिटांची अकरा झाली होती. एकशे एकोणचाळीस काप. “ऐक,” मी म्हणालो आणि त्याच्या कानांवर हेडफोन चढवला.

शीतल स्वतःचा व्हिडिओ कधी बघत नसे, तो ऐकायचा. डोळे मिटून, मान जराशी तिरकी करून. पडद्यावर काय आहे ते त्याला माहीतच असायचं. त्याला हवा असायचा तो आवाज, जो त्याचाच होता पण त्याच्या तोंडून कधी निघायचा नाही. त्या दिवशीही त्यानं अकरा मिनिटं डोळे उघडले नाहीत. मध्ये एकदा ओठ हलवले, त्या आवाजाच्या जोडीनं. संपल्यावर हेडफोन काढून त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला.

“पाठवू?” मी विचारलं.

त्यानं मान हलवली. साडेचारला फाइल पुण्याला गेली. संध्याकाळी वहिनींनी हुग्गी, म्हणजे आमच्याकडची गव्हाची खीर, केली आणि मला दोनदा वाढली. सांगलीच्या मुलाखतीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, पण शीतलच्या ताटात तूप वाढताना त्यांचा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकलेला राहिला.

मंगळवारी पुण्याहून निरोप आला. साडेअकराला समोरासमोर बोलू, कॉम्प्युटरवरून, कॅमेरा लावून. शीतलनं लग्नातला कोट घातला. माग चालू होते. खिडक्या लावल्या, गोधडी लावली, तरी खटखट भिंतीतून येतच होती. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही असा, त्याच्या डाव्या हाताला, स्टुलावर बसलो. त्यानंच बसवलं होतं. वहिनी आतल्या दाराशी.

पडद्यावर एक बाई आल्या. पन्नाशीच्या, केस पांढरे, चष्मा गळ्यात लटकलेला. “नमस्कार, मी वर्तक. आधी क्षमा मागते, पत्रात तुम्हाला मॅडम लिहिलं गेलं.”

“च-च-चालतंय,” शीतल म्हणाला.

बाईंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्या थांबल्या, शब्द पूर्ण होऊ दिला आणि पुढे बोलल्या. “तुमची शिकवण्याची पद्धत मला फार आवडते. विद्यार्थी कुठे चुकणार ते तुम्ही आधीच ओळखता. असं फार थोड्यांना जमतं. म्हणूनच मी स्वतः बोलायचं ठरवलं.”

शीतलनं टेबलाखाली माझा गुडघा दाबला. आनंदानं.

“आता तुम्ही पाठवलेला धडा आपण जरा सोबत बघू,” बाई म्हणाल्या.

पडद्यावर आमचा व्हिडिओ आला. शीतलचा आवाज सुरू झाला, गुळगुळीत, सरळ. बाईंनी तो तिसऱ्या मिनिटाला थांबवला.

“उजवीकडे खालच्या कोपऱ्यात घड्याळ आहे. किती वाजलेत?”

शीतल पुढं वाकला. “अकरा त-त-त्रेचाळीस.”

“आता बघा.” त्यांनी दहा सेकंद पुढं चालवलं. शीतलचा आवाज एका वाक्यातून दुसऱ्या वाक्यात अलगद गेला. “आता?”

शीतलचा हात माझ्या गुडघ्यावरून निघाला.

“अकरा पंचेचाळीस,” बाईंनीच सांगितलं. “आणि शेवटी बारा वाजून सहा मिनिटं. व्हिडिओ अकरा मिनिटांचा आहे, घड्याळ सव्वीस मिनिटं पुढं गेलंय.” त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “मगदूम सर, हा धडा कापलेला आहे ना?”

आतल्या दाराशी वहिनींच्या बांगड्या वाजल्या. शीतलनं कोटाचं बटण धरलं होतं.

“ह-ह-हो.”

“कुणी कापला?”

मी तिथं होतो. त्याच्या कोपरापासून वीतभर अंतरावर. मला फक्त मान पुढं करायची होती. तीस वर्षं मी त्याच्या वतीनं बोलत आलो होतो, गूळ मागण्यापासून पोरगी बघण्यापर्यंत. शीतलनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पाहिलं असतं तर बाईंना कळलं असतं की शेजारी कुणीतरी आहे.

“म,” तो म्हणाला. “म-म-म-”

बाई थांबल्या. त्या किती वेळ थांबल्या देव जाणे. मागांची खटखट चालू होती आणि तिच्यात त्याचा ‘म’ आपटत होता. मानेच्या शिरा फुगल्या, डावा डोळा मिटत चालला. बाईंनी त्याच्या तोंडचा शब्द घेतला नाही. कदाचित चांगुलपणानं.

“मी,” शीतल म्हणाला.

“मला वाईट वाटतंय,” बाई म्हणाल्या. “खरंच वाटतंय. तुमचे जुने व्हिडिओ कापलेले आहेत हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. हेच काम करते मी. म्हणून तर न कापलेला मागवला. अडखळण्याचं काही नव्हतं हो. इथं रेकॉर्डिंग झाल्यावर आम्ही कापतोच. आमचे एक शिक्षक दर दोन वाक्यांना खोकतात, त्यांचे शंभर धडे आहेत. मला फक्त बघायचं होतं, अडलात की तुम्ही पुढे कसे जाता.”

शीतल ऐकत होता. मान हलवत होता, जणू कुणी त्याला पत्ता समजावून सांगतंय.

“तो सव्वीस मिनिटांचा आहे का अजून?” बाईंनी विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, “पण आता त्याचा उपयोग नाही. माझ्याही वर साहेब लोक आहेत. त्यांनी हे पाहिलंय. अडखळलेलं चालतं त्यांना. फसवलेलं चालत नाही. चूक झाली असती तर भांडले असते मी तुमच्यासाठी.” मग म्हणाल्या, “शिकवत राहा.”

पडदा काळा झाला. त्यात कोट घातलेला शीतल दिसत होता आणि कडेला माझा खांदा.

आता सांगतो. ते घड्याळ मी पाहिलं होतं. जो माणूस पडदा कापतो त्याला सगळ्यात आधी घड्याळच दिसतं. आमच्या प्रत्येक व्हिडिओत त्या कोपऱ्यावर मी शीतलच्या क्लासचं चिन्ह बसवायचो, ते शोभेसाठी नव्हे, तर खालचं घड्याळ झाकायला. या वेळी चिन्ह चालणार नव्हतं. म्हणून शीतल घोरत असताना मी घड्याळाची ठिगळं तयार केली. अकरा चाळीस, अकरा एकेचाळीस, असे बारा बारीक चौकोन, त्याच अक्षरात, त्याच रंगात. ओळीनं लावले, चालवून पाहिले. कुणाच्या बापाला दिसलं नसतं. संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये चित्रावर चढवलेल्या प्रत्येक थरापुढं डोळ्याचं छोटं चित्र असतं. त्यावर दाबलं की तो थर नाहीसा होतो, पुन्हा दाबलं की येतो. फाइल तयार करायच्या आधी मी ठिगळांचा डोळा मिटला. चुकून नाही. मी तो मिटला, पुन्हा उघडला, मागं वळून शीतलकडे पाहिलं आणि परत मिटला. ज्यांनी न कापलेला धडा मागितलाय ते पहिल्यांदा त्याच कोपऱ्यात बघणार, हे मला ठाऊक होतं. आणि शीतल डोळे मिटून ऐकणार, हेही ठाऊक होतं.

‘तुझी सुटका’ हे शब्द माझ्या डोक्यात बसले होते. त्यानं ते प्रेमानं म्हटले होते, मला कळत होतं. पण मला सुटका नको होती. तो पुण्याला गेला असता, तिथं कुणा पगारी माणसानं त्याचे ‘ब’ आणि ‘प’ कापले असते, आणि मी गाड्यावर चहा पीत बसलो असतो. सरांचा माणूस, सर नसलेला. मला त्याचा राग आला होता. आणि तो सव्वीस मिनिटांचा धडा चांगला होता. तेही सांगतो. मी त्याचे एकशे एकोणचाळीस तुकडे केले तेव्हा मला माहीत होतं, की यानं केलेलं हे आजवरचं सगळ्यात चांगलं काम आहे आणि त्यात माझी गरज नाही. सकाळी त्याला ‘हसतील’ म्हणालो तेव्हाही माहीत होतं.

अकरा वर्षं झाली त्याला. आमचे आठशेवर व्हिडिओ आहेत आता. शीतलनं पुन्हा कुठेही अर्ज केला नाही.

त्या मंगळवारी शीतलनं कोट काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि सतरंजीवर बसला. वहिनी आतून आल्या. रडलेल्या नव्हत्या. त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“भाऊजी, एक विचारू?”

“विचारा की.”

“तुम्ही एवढं बारीक बघता. मागच्या महिन्यात यांच्या बोलण्यामागं कुकरची शिट्टी आली तर ती बी काढलासा. केसाएवढी फट राहू देत न्हाई तुम्ही.” “मग हे एवढं मोठं घड्याळ तुम्हाला कसं न्हाई दिसलं?”

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते आजही मला माहीत नाही. खरं बोललो असतो असं म्हणायला मला आवडेल.

शीतल उठला. तो बायकोवर कधी ओरडलेला नव्हता, आईवरही नाही. त्या दिवशी ओरडला.

“सुकुमारबद्दल या घरात एक शब्द बोलायचा नाही. आजपर्यंत जगात मी जे काही बोललो ते याच्यामुळं बोललो. पडद्यावर घड्याळ मी ठेवलं, खालची पट्टी मी उघडी ठेवली, पाठवायच्या आधी बघायचं काम माझं होतं. मी बघितलं नाही. चूक माझी आहे.”

एकही अक्षर अडकलं नाही. ‘ब’ नाही, ‘प’ नाही. आम्ही तिघंही दचकलो. वहिनींनी तोंडावर पदर धरला आणि त्या आत गेल्या. शीतललाही ते कळलं असावं, कारण तो तोंड तसंच अर्धवट उघडं ठेवून उभा होता, आणखी एखादं वाक्य येतंय का ते बघत. आलं नाही. मग तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि त्यानं माझे हात हातात घेतले.

“म-म-माफ कर सुक्या,” तो म्हणाला. “त-तुझी दिवसभराची म-मेहनत मी व-वाया घालवली.”

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

“असू दे,” म्हणालो. “पुढच्या खेपेला नीट बघत जा.”